ग्रीक नाटकातला गाडा आणि यारी

प्राचीन ग्रीक रंगभूमीबद्दल वाचताना एक्कीक्लेमा आणि मेखाने ही नावं जोडीनंच येतात आणि वाचणाऱ्याच्या डोक्यात त्यांची सरमिसळ होते. दोन्ही लाकडी यंत्रं, दोन्ही अथेन्सच्या रंगभूमीवरची. कामं मात्र अगदी वेगळी.

नटांच्या मागे स्केने नावाची इमारत असे. नाटकात ती कधी राजवाडा, कधी देऊळ. खून सहसा तिच्या आत होत. बाहेर ऐकू येई ती किंकाळी, नाहीतर निरोप्या येऊन हकीकत सांगे. मग मधलं दार उघडून चाकांवरचा बुटका फलाट बाहेर ढकलला जाई. त्यावर प्रेत, कित्येकदा शेजारी मारेकरीही. हा एक्कीक्लेमा, म्हणजे गाडा. फलाट बाहेर आला तरी त्यावरचं दृश्य घरातलंच समजायचं, हा संकेत प्रेक्षकांच्या अंगवळणी पडलेला होता.

मेखाने म्हणजे यारी. ती स्केनेच्या मागून नटाला दोरानं उचलून छपराच्या वर आणायची. देव किंवा आकाशातून उडणारा वीर असा येई. कथानक अडलं की देव आणून सुटका करून घ्यायची, ही वाट अ‍ॅरिस्टॉटलला नापसंत होती. उकल कथानकातूनच व्हावी असं सांगताना त्यानं शोकात्मिका लिहिणाऱ्या युरिपिडीसच्या 'मेडिया'चं उदाहरण दिलं. इथे मात्र मला त्याचं म्हणणं पटत नाही.

इसवीसनपूर्व 431 मधल्या या नाटकाचा शेवट बघा. मेडियाचा नवरा जेसन मुलांना वाचवायला धावत येतो. आईनंच त्यांना मारलं, असं कोरस, म्हणजे नाटकातला गाणाऱ्यांचा समूह, त्याला सांगतो. दार उघडलंस की प्रेतं दिसतील. तो नोकरांना अडसर काढायला फर्मावतो. असं बोलणं कानावर पडल्यावर अथेन्सचा प्रेक्षक दाराकडेच बघणार, आता गाडा येणार म्हणून. गाडा येत नाही. आवाज येतो तो वरून. आजोबा सूर्यदेवानं दिलेल्या रथात मेडिया उभी आहे आणि दोन्ही मुलांची प्रेतं तिच्याजवळ आहेत. गाडा आला असता तर जेसननं मुलांना निदान कवटाळलं असतं, मेडियाही त्याच्या हाती लागली असती. आता तो खालून विनवत राहतो, एकदा स्पर्श करू दे म्हणून, आणि ती नाकारते. देवांच्या जागी माणूस, तोही खुनी, चढवून युरिपिडीसनं यारीकडून सुटकेचं नव्हे, शिक्षेचं काम करून घेतलं आहे.

या नाटकांच्या संहितांमध्ये रंगसूचना जवळजवळ नसतातच, त्यामुळे यंत्र ओळखायचं ते संवादांवरून. 'दारं उघडा' असं कुणी म्हणालं की गाड्याची शक्यता धरावी. वरून बोलणारा प्रत्येक देव यारीवरच असतो असं नाही. तो नुसता छपरावर उभाही असू शकतो.

सुखात्मिकेत ओळख पटवणं सोपं, कारण शोकात्मिका जे यंत्र लपवते तेच ती उघडं पाडते. अ‍ॅरिस्टोफेनीसच्या 'अखार्नियन्स'मध्ये (इसवीसनपूर्व 425) खुद्द युरिपिडीस हे एक पात्र आहे. बाहेर यायला वेळ नाही म्हणतो, तर मग गाड्यावरून बाहेर ये, असं त्याला सांगितलं जातं. 'पीस'मध्ये (इसवीसनपूर्व 421) शेणकिड्यावर बसून स्वर्गाकडे निघालेला त्रिगेयस भीतीनं घाबराघुबरा होतो आणि मध्येच यारीवाल्याला ओरडून सांगतो, जरा सांभाळून!