जंगलातला अडसर

फिनिश भाषेत 'साल्पा' म्हणजे दाराचा अडसर. सोव्हिएत संघाबरोबरचं हिवाळी युद्ध मार्च १९४० मध्ये संपलं आणि फिनलंडने आपल्या नव्या पूर्व सरहद्दीला असा अडसर घालायला घेतला: 'साल्पा' ही संरक्षण रेषा. फिनलंडच्या आखातापासून थेट उत्तरेपर्यंत, सुमारे १२०० किलोमीटर. ऐन भरात ३५,००० माणसं एकाच वेळी राबत होती. ७०० हून अधिक पक्के बंकर, साधारण ३५० किलोमीटरचे खंदक, शिवाय रणगाडे अडवायला ग्रॅनाइटच्या शिळांच्या रांगा.

एवढं करून या रेषेवर लढाई झालीच नाही! १९४४ ची सोव्हिएत चढाई तिच्यापर्यंत पोचण्याआधीच थांबली. त्यामुळे तोफगोळ्यांनी हात न लावलेला खंदक म्हातारा कसा होतो, हे इथे नीट पाहायला मिळतं.

हिमनद्यांनी मागे टाकलेली ही वाळू-गोट्यांची माती उभी राहत नाही, म्हणून खंदकाच्या भिंतींना ओंडक्यांचा आधार दिलेला असे. थंडीत लाकूड सावकाश कुजतं, पण कुजतंच. मग हिवाळ्यात मातीतलं पाणी गोठून फुगतं, कण सैल करतं, आणि वसंतात बर्फ वितळला की भिंत थोडी खाली घसरते. दरवर्षी तेच. उभ्या भिंतींचा खंदक पसरट खळगा होतो. एकदा उतार पुरेसा मंदावला की घसरण जवळपास थांबते, वर शेवाळ आणि पाइनच्या सुयांची गादी चढते. जिथे सुरुंग लावून खडकच फोडला होता, तिथे मात्र ८० वर्षांत फारसं काही हललेलं नाही.

हे खळगे शोधायला हल्ली विमानातून लेसर सोडतात. बरेच झोत झाडांच्या शेंड्यांवरून परततात, काही फांद्यांच्या फटींतून जमिनीपर्यंत पोचतात. जाऊन-येऊन लागलेल्या वेळावरून अंतर काढायचं, झाडांवरून परतलेले बिंदू गाळायचे, की उरते नुसती जमीन. त्या नकाशावर तिरपा उजेड टाकला की नागमोडी रेघा उठून दिसतात. खंदक मुद्दामच असे वळवत: सरळ असता तर एका मशिनगनने तो टोकापासून टोकापर्यंत झोडपला असता. ओढाही वळतो म्हणा, पण इतक्या ठरावीक अंतरांवर आणि ठरावीक कोनांत नाही.

प्रत्यक्ष जंगलात त्याच जागी उभं राहिलं तर पायाखाली जेमतेम गुडघाभर खोलगटपणा लागतो, आणि त्यात वाढलेली ब्लूबेरीची झुडपं.