मॅक्रोने केलेले बदल पूर्ववत करणे (एक्सेल)

स्प्रेडशीटमध्ये मॅक्रो (कामे आपोआप करणारा छोटा प्रोग्राम) चालवल्यावर झालेले बदल मागे घेऊन शीट आधी होती तशी करणे. हाताने केलेली चूक कंट्रोल-झेड दाबून मागे घेता येते, पण मायक्रोसॉफ्ट एक्सेलमध्ये मॅक्रोने केलेली चूक तशी मागे घेता येत नाही. मॅक्रोने शीटवर काही बदलले की अनडूची, म्हणजे मागे घेता येणाऱ्या कृतींची, आख्खी यादीच पुसली जाते. एरवी एक्सेल २००७ पासून १०० पायऱ्या मागे जाता येते. मॅक्रोनंतर एकही नाही. ही यादी उघड्या असलेल्या सगळ्या फायलींची मिळून एकच असते, त्यामुळे शेजारच्या फायलीत हाताने केलेले कामही अडकते.

एक्सेलमधील बहुतेक हुकूम आपली उलट कृती नोंदवून ठेवतात. १९९३ साली एक्सेल ५ सोबत आलेल्या व्हीबीए या मॅक्रो लिहिण्याच्या भाषेतून सेलला हात लावला, की ही नोंद होत नाही. हे तांत्रिकदृष्ट्या अशक्य आहे असे मात्र म्हणता येणार नाही. त्याच कंपनीच्या वर्डमध्ये मॅक्रोचे बदल मागे घेता येतात. लिबरऑफिस कॅल्कमध्येही येतात, शिवाय तिथे मॅक्रोच्या अनेक पायऱ्या एका गटात बांधण्याची सोय आहे.

सर्वांत जास्त त्रास न सांगता चालणाऱ्या मॅक्रोंचा होतो. रकान्यात नोंद केली की शेजारी आपोआप तारीख पडावी, किंवा निवडलेली ओळ रंगावी, अशी सोय अनेक फायलींत असते. अशा फायलीत अनडूचे बटण सतत फिकट दिसते आणि बिघाड नेमका कुठे आहे हे कळत नाही.

मराठी कार्यालयांत याचा फटका बसतो तो जुन्या फाँटमधल्या याद्या युनिकोडमध्ये आणताना. कृतिदेव या जुन्या फाँटमधला ‘राम’ हा शब्द संगणकाच्या लेखी जे, के, ई ही तीन इंग्रजी अक्षरे असतो. मॅक्रो ती अक्षरे ओळीने बदलत जातो. निवडीत चुकून पॅन क्रमांकाचा किंवा ई-मेलचा रकाना आला, तर त्याचेही देवनागरी कडबोळे होते, आणि मूळ मजकूर काय होता हे नुसते पाहून सांगता येत नाही.

परतीची वाट मॅक्रो लिहिणाऱ्यानेच करून ठेवावी लागते. बदलायच्या सेलचा पत्ता आणि आतला ऐवज आधी साठवायचा, आणि मॅक्रोच्या अगदी शेवटी ‘ॲप्लिकेशन.ऑनअनडू’ या ओळीत तो परत भरणाऱ्या प्रक्रियेचे नाव द्यायचे. मग अनडूच्या यादीत एक पायरी दिसते, एकच. साठवताना सेलची किंमत नव्हे, सूत्र घ्यावे. किंमत घेतली तर बेरजेच्या जागी नुसता आकडा परत येतो, तो दिसायला बरोबर असतो आणि पुढच्या महिन्यात हलत नाही. ही चूक फार उशिरा सापडते, म्हणून ती पुसलेल्या ओळींपेक्षा वाईट. रंग, रुंदी, विलीन केलेले सेल यांचीही वेगळी साठवण लागते. ओळी काढून टाकणाऱ्या मॅक्रोसाठी तर आधी शीटची प्रत काढणे हाच सरळ उपाय.

‘ॲप्लिकेशन.अनडू’ ही आज्ञा नावामुळे फसवते. ती मॅक्रोचे काम उलटवत नाही. मॅक्रोआधी माणसाने केलेली शेवटची कृती तेवढी ती मागे घेते, तीही मॅक्रोने शीटवर काही बदलण्याआधी आली तर. सेलमध्ये आधी काय होते याची नोंद ठेवायला मात्र ती उपयोगी पडते: नवी किंमत बाजूला ठेवायची, अनडू करून जुनी वाचायची, मग नवी परत लिहायची. हे करताना इव्हेंट (सेल बदलला की मॅक्रोला आपोआप चालवणारे इशारे) बंद ठेवले नाहीत, तर मॅक्रो स्वतःलाच पुन्हा पुन्हा हाक मारत राहतो.

मॅक्रो चालून गेलाच असेल, तर फाइल सेव्ह न करता बंद करावी. शेवटचे सेव्ह केलेले रूप डिस्कवर शाबूत असते. वनड्राइव्हवर ऑटोसेव्ह चालू असेल तर ही वाट उरत नाही, तिथे फाइलच्या आवृत्ती-इतिहासातून जुनी प्रत उघडावी. आणि मॅक्रोमध्येच सेव्ह करण्याची ओळ असेल, तर आधी काढून ठेवलेली प्रत तेवढी कामी येते.