साखर आणि आरोग्य (बेळगाव सीमाभाग)

साखर खाणे प्रकृतीला खरोखर घातक आहे का, हा आहारशास्त्रातला जुना वाद. किती साखर, कशातून आणि कोणी खाल्ली, यावर त्याचे उत्तर ठरते. दिवसाच्या एकूण ऊर्जेच्या ५ ते १० टक्क्यांच्या आत राहिलेली साखर निरोगी, अंगमेहनत करणाऱ्या माणसाला सहसा बाधत नाही. त्याहून जास्त, त्यातही पेयांतून आणि दिवसभर थोडी थोडी घेतलेली साखर मात्र दात, यकृत, वजन आणि रक्तातील ग्लुकोज या चारही ठिकाणी त्रास देते. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी आणि हुक्केरी या पट्ट्यातल्या मराठी घरांत हा वाद जास्त रंगतो, कारण इथे साखर नुसती खाल्ली जात नाही, पिकवलीही जाते. शेतात ऊस, घरात कारखान्याचा शेअर आणि औषधाच्या डब्यात शुगरची गोळी, अशी घरे या भागात गावोगाव भेटतात.

साखरेचा मुलूख

घटप्रभा, हिरण्यकेशी, वेदगंगा, दूधगंगा आणि कृष्णा या नद्यांच्या काठचा हा टापू उसाचा. संकेश्वरचा हिरण्यकेशी, निपाणीचा हालसिद्धनाथ, चिकोडीचा दूधगंगा-कृष्णा हे सहकारी कारखाने आणि १९३९ साली स्थापन झालेला उगारचा खासगी कारखाना ही त्यातली ठळक नावे. साखर तंत्रज्ञानाचे शिक्षण देणारी एस. निजलिंगप्पा साखर संस्थाही बेळगाव शहरातच आहे. गळीत हंगाम दिवाळीच्या सुमारास सुरू होऊन मार्च-एप्रिलपर्यंत चालतो आणि तेवढे महिने निपाणी-चिकोडी रस्त्यावर उसाच्या ट्रॉलीमागे न अडकता कोणी गेले, तर त्याचे नशीबच म्हणायचे. चांगला उतारा असेल तर एक टन उसातून ११० ते १२० किलो साखर निघते.

सहकारी कारखान्यांत सभासदांना सवलतीच्या दराने साखर देण्याची पद्धत आहे. दिवाळीच्या तोंडावर ती घरी येते, ती पोत्यातून. पोत्यातली साखर डब्यात ओतणारे घर ती चमच्याने मोजून वापरत नाही. डॉक्टर ‘साखर कमी करा’ म्हणतात तेव्हा किलोभर पुडा आणणाऱ्या शहरी घरापेक्षा इथे ते जड का जाते, त्याचे एक कारण इथे सापडते.

पोटात गेल्यावर काय होते

दुकानातली पांढरी साखर म्हणजे ९९.५ टक्क्यांहून अधिक शुद्ध सुक्रोज. ग्लुकोज आणि फ्रुक्टोज यांची जोडी म्हणजे सुक्रोज. लहान आतड्यात ती सुटते. एका ग्रॅमला सुमारे ४ किलोकॅलरी मिळतात, भाकरीतल्या पिष्टाइतक्याच. ग्लुकोज रक्तात जाते, स्वादुपिंड इन्शुलिन सोडते आणि स्नायू ते ग्लुकोज वापरतात. फ्रुक्टोजचा बहुतेक भार यकृतावर पडतो. गरजेपेक्षा जास्त फ्रुक्टोज आले की यकृत त्याची चरबी बनवते. रक्तातले ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली चरबी, वाढते, यकृतात मेद साठतो, युरिक आम्लही वाढते. दारूच्या थेंबालाही न शिवलेल्या माणसाच्या सोनोग्राफीत ‘फॅटी लिव्हर’ येते, त्यामागच्या कारणांत वजन आणि बैठी राहणी यांच्याबरोबर हेही असते.

फ्रुक्टोज फळांतही असते. पण पेरू किंवा चिक्कू चावून खाताना त्यातला चोथा पोट भरतो आणि साखर हळूहळू रक्तात जाते. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांत अख्ख्या फळांतली आणि दुधातली साखर हिशेबातून वगळली. वरून घातलेली साखर आणि गूळ, तसेच मध, काकवी व फळांचा रस यांतली साखर हिशेबात धरली. ही ‘मोकळी साखर’ एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांच्या आत असावी, जमल्यास ५ टक्क्यांच्या. दिवसाला २,००० किलोकॅलरी लागणाऱ्या माणसासाठी १० टक्के म्हणजे ५० ग्रॅम आणि ५ टक्के म्हणजे २५ ग्रॅम, म्हणजे साधारण सहा लहान चमचे.

गूळ चालतो का?

सीमाभागात हा प्रश्न विचारल्याशिवाय साखरेची चर्चा संपत नाही. उन्हातून आलेल्या पाहुण्याला गूळ-पाणी, पुरणपोळीबरोबर गुळवणी, बाळंतिणीला गूळ घातलेले डिंकाचे लाडू, संक्रांतीला तिळगूळ. गूळ इथल्या घरात औषधाच्या मानाने वावरतो. ‘साखर सोडली, आता गुळाचा चहा घेतो,’ असे अभिमानाने सांगणारे मधुमेही तर गल्लोगल्ली आहेत.

गुऱ्हाळावर उभे राहिले की बराचसा उलगडा होतो. चरकातून आलेला रस काहिलीत उकळतो. रानभेंडीच्या खोडाचा चिकट रस घालून मळी वर आणतात आणि झाऱ्याने काढून टाकतात. चुलवाणाला जाळ घालणारा वेगळा असतो आणि पाकावर नजर ठेवणारा गुळव्या वेगळा. पाक थेंबभर गार पाण्यात टाकून तो बोटांनी गोळी वळून बघतो आणि ‘उतरा’ म्हणतो. मग पाक वाफ्यात, म्हणजे उथळ हौदात, ओततात आणि जरा आळला की साच्यात भरून रवे, म्हणजे ढेपा, पाडतात. या सगळ्यात पाणी उडाले आणि मळी गेली. उसातली साखर मात्र जवळपास तशीच राहिली. मळीबरोबर न गेलेली थोडी खनिजेही राहिली, त्यात लोह व पोटॅशियम आहे. पण ते लोह अंगी लागण्याइतके हवे असेल तर रोज इतका गूळ खावा लागेल की लाभापेक्षा तोटाच अधिक. नाचणी, पालेभाज्या आणि कडधान्ये हे काम कमी खर्चात करतात. गुळाने रक्तातील ग्लुकोज साखरेसारखेच झपाट्याने वाढते, त्यामुळे मधुमेह्याला गुळाची सवलत नाही.

पिवळाधमक गूळ जास्त भाव खातो, म्हणून काही ठिकाणी रंग उजळण्यासाठी रसात ‘हायड्रोस’, म्हणजे सोडियम हायड्रोसल्फाइट, घालतात. साखरेचा भाव पडला की साखर मिसळून केलेला गूळही बाजारात येतो. तेव्हा ‘साखर केमिकलची, गूळ नैसर्गिक’ ही विभागणी गुऱ्हाळावरच डळमळते. काळपट, मऊसर, न उजळवलेला गूळ चवीला निश्चितच सरस आहे, पण चव हा वेगळा मुद्दा.

उलट बाजूने साखरेवरही नाहक आळ घेतला जातो. साखर हाडांच्या भुकटीने पांढरी करतात, हा मजकूर मोबाइलवर वरचेवर फिरतो. हाडांचा कोळसा काही परदेशी शुद्धीकरण कारखान्यांत वापरला जातो हे खरे, पण भारतातले बहुतेक कारखाने उसाचा रस चुना आणि गंधकाच्या धुराने निवळतात. साखरेत उरणाऱ्या गंधकाच्या अंशाला अन्नसुरक्षा नियमांत मर्यादा आहे. साखरेने होणारे नुकसान तिच्या पांढऱ्या रंगात शोधत बसले की प्रमाणाकडे दुर्लक्ष होते.

कुंदा, मांडे, करदंट

बेळगावचे नाव निघाले की कुंदा निघतोच. दूध आटवत आटवत, थोडे दही घालून ते फोडून, साखर मिसळून तो मंद आचेवर परततात. साखर आणि दूध दोन्ही करपायच्या अलीकडे पोचतात तेव्हा त्याला तो तपकिरी रंग आणि रवाळपणा येतो. मांडे लग्नाकार्यातले: पालथ्या खापरावर भाजलेली पातळ पोळी आणि आत पिठीसाखर, तूप, खसखस. गोकाकच्या करदंटात गूळ, तुपात तळलेला डिंक आणि सुका मेवा असतो. यांतला कोणताही पदार्थ पथ्याचा नाही, तसे कोणी म्हणतही नाही.

पण आरोग्याच्या हिशेबात या पदार्थांना पहिल्या आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करणे अन्यायाचे आहे. कुंदा पाहुणा आला म्हणून आणतात, मांडे लग्नात, साखरेची माळ गुढीपाडव्याला. वर्षातून मोजक्या वेळा येणाऱ्या गोडाने कोणाचे यकृत बिघडत नाही. बिघडवते ते रोजचे, ज्याला कोणी ‘गोड’ म्हणतच नाही.

चहा आणि बाटली

या भागातला चहा गोडच असतो. कमी साखरेचा मागितला तर हॉटेलवाला ‘शुगर आहे का?’ म्हणून काळजीने विचारतो. एका कपात दोन चमचे धरले तर ८ ते १० ग्रॅम साखर झाली. सकाळी उठल्यावर, नाश्त्याबरोबर, दुकानात गिऱ्हाईक आले म्हणून, दुपारी चारला, संध्याकाळी कोणाच्या घरी बसायला गेल्यावर, असे पाच कप झाले की ४० ते ५० ग्रॅम. वरची मर्यादा इथेच गाठली आणि अजून बिस्किट, टोस्ट, जाम, केचप धरलेच नाहीत. हा माणूस ‘मी गोड अजिबात खात नाही’ असे शपथेवर सांगेल आणि त्याच्या मते ते खरेही असेल.

कोल्ड्रिंकचे गणित आणखी सरळ आहे. कोलाच्या ३०० मिलिलिटरच्या बाटलीत सुमारे ३२ ग्रॅम साखर असते, म्हणजे एका दमात सात-आठ चमचे. रस्त्याकडेच्या रसवंतीतला उसाच्या रसाचा मोठा पेलाही त्याच्या आसपास जातो. लिंबू-आले पिळले म्हणून साखर घटत नाही. पातळ पदार्थातून आलेली ऊर्जा मेंदूच्या भूक मोजण्याच्या यंत्रणेला नीट कळत नाही, त्यामुळे पेय पिऊन माणूस जेवण कमी करत नाही. अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात रोज एक-दोन गोड पेये घेणाऱ्यांत टाइप-२ (सहसा मोठेपणी होणाऱ्या) मधुमेहाचा धोका क्वचितच पिणाऱ्यांपेक्षा २६ टक्क्यांनी जास्त आढळला. साखरेविरुद्धचा सर्वांत भक्कम पुरावा या गोड पेयांचाच आहे.

ऊस तोडणारा मजूर दिवसभर कोयता चालवतो, मोळ्या डोक्यावरून ट्रॉलीत चढवतो. त्याने भाकरीबरोबर गुळाचा खडा खाल्ला तर तो स्नायूंतच जळतो. तोच खडा दिवसभर गल्ल्यावर बसणाऱ्याच्या अंगी वेगळा लागतो. आजोबा रोज गूळ खाऊन नव्वदीला पोचले हा दाखला नातवाला लागू पडत नाही. आजोबा मोटेवर होते, नातू मोटारीवर आहे.

साखर खाल्ल्याने शुगर होते का?

थेट नाही. टाइप-१ (शरीरात इन्शुलिनच न बनण्याच्या) मधुमेहाचा साखर खाण्याशी संबंध नाही. टाइप-२ मध्ये आनुवंशिकता, पोटावरची चरबी, हालचालीचा अभाव आणि एकूण आहार यांचा वाटा असतो. साखर त्यात वजन वाढवून आणि यकृतात मेद साठवून भर घालते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशातल्या ११.४ टक्के प्रौढांना मधुमेह आहे आणि आणखी १५.३ टक्के त्याच्या उंबरठ्यावर आहेत. सर्वाधिक प्रमाण, २६.४ टक्के, चोर्ला घाट उतरले की लागणाऱ्या गोव्यात आढळले. भारतीयांच्या आहारात सुमारे ६२ टक्के ऊर्जा कर्बोदकांतून येते, त्यातही पांढरा भात आणि दळलेले धान्य मोठ्या प्रमाणात. म्हणून चहा बिनसाखरेचा करून ताटात भाताचा डोंगर तसाच ठेवला तर रिपोर्ट फारसा हलत नाही.

साखरेच्या दीर्घकालीन परिणामाची एक दुर्मीळ चाचणी इतिहासानेच घेतली. दुसऱ्या महायुद्धानंतरही ब्रिटनमध्ये साखरेचे रेशनिंग होते. ते सप्टेंबर १९५३ मध्ये उठले आणि खप जवळपास दुप्पट झाला. रेशनिंगच्या काळात गर्भात आणि पहिल्या दोन वर्षांत वाढलेल्यांची तुलना त्यानंतर जन्मलेल्यांशी करणारा अभ्यास २०२४ मध्ये आला. पहिल्या गटात पुढील आयुष्यात टाइप-२ मधुमेहाचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी आणि उच्च रक्तदाबाचा सुमारे २० टक्क्यांनी कमी होता. बाळाच्या दुधात साखर घालणाऱ्या आज्ज्यांना ही गोष्ट अवश्य सांगावी, जरा बेताने.

संशोधनातही पैशाने ढवळाढवळ झाली आहे. अमेरिकेतल्या साखर उद्योगाच्या संस्थेने हार्वर्डच्या शास्त्रज्ञांना मानधन देऊन, हृदयरोगाचा दोष साखरेकडून चरबीकडे सरकवणारा आढावा १९६७ मध्ये छापून आणला होता. ती कागदपत्रे २०१६ मध्ये उजेडात आली.

दात आणि काही समज

साखरेचे सगळ्यात निर्विवाद नुकसान दातांचे. तोंडातले जंतू साखरेपासून आम्ल तयार करतात आणि ते दाताचे कवच विरघळवते. इथे एकूण साखरेइतकेच ती किती वेळा आणि किती चिकट रूपात खाल्ली याला महत्त्व आहे: जेवणानंतर एकदा खाल्लेला लाडू परवडला, दिवसभर चघळलेली चॉकलेटची गोळी नाही.

साखरेने मुले उधळतात, ही समजूत चाचण्यांत टिकली नाही. १९९५ च्या आढाव्यात तसा परिणाम दिसला नाही. वाढदिवसाच्या घरात मुले केकविनाही उधळतात. साखर बंद केल्याने कर्करोगाची गाठ उपाशी मरत नाही. शरीर इतर अन्नातूनही ग्लुकोज बनवते, आणि उपचार चालू असताना जेवण तोडणे उलट महागात पडते. वजन उतरवण्यासाठी कृत्रिम गोडीवर अवलंबून राहू नये, असा सल्ला जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये दिला. चहातली साखर महिन्याभरात अर्ध्या-अर्ध्या चमच्याने उतरवत आणली तर जीभ सरावते, हा मार्ग स्वस्त आणि सोपा.

साखर जेव्हा औषध असते

इन्शुलिन किंवा काही प्रकारच्या गोळ्या घेणाऱ्यांचे जेवण चुकले, उपवास घडला किंवा शेतात नेहमीपेक्षा जास्त राबणे झाले, तर रक्तातील ग्लुकोज एकदम खाली येते. हातपाय थरथरतात, दरदरून घाम सुटतो, बोलणे असंबद्ध होते. बघणाऱ्याला पित्त झाले असे वाटते. ग्लुकोज दर १०० मिलिलिटर रक्तात ७० मिलिग्रॅमच्या खाली असेल आणि माणूस शुद्धीवर असेल, तर तीन-चार लहान चमचे, म्हणजे सुमारे १५ ग्रॅम साखर पाण्यात विरघळवून लगेच द्यावी, १५ मिनिटांनी पुन्हा तपासावे आणि अजून कमी असेल तर तेवढीच पुन्हा द्यावी. अशा वेळी कुंदा किंवा पेढा कामाचा नाही, कारण त्यातल्या स्निग्धांशामुळे साखर रक्तात उशिरा पोचते. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नये, थेट दवाखाना गाठावा.