मनोविकारतज्ज्ञांच्या घरातला समुद्रचित्रकार

लंडनच्या टेट संग्रहालयात हेन्री स्कॉट ट्यूकचं १८८९ सालचं एक मोठं तैलचित्र आहे. वादळात सापडलेलं शिडाचं जहाज, डेकवर चढलेलं पाणी आणि पंपाच्या दांड्याला जिवाच्या आकांताने भिडलेले खलाशी. वर दोरखंडांत ब्रिटिश निशाण उलटं टांगलंय, म्हणजे जहाज संकटात आहे. ‘ऑल हँड्स टू द पम्प्स’ असं या चित्राचं नाव. ते रंगवलं गेलं मात्र इंग्लंडच्या नैऋत्य टोकाकडल्या फाल्मथच्या बंदरात, नांगर टाकून उभ्या केलेल्या एका जुन्या फ्रेंच गलबतावर. जहाजाचा दोर न् दोर ओळखणारा हा माणूस आला कुठून, हे पाहायचं तर समुद्रापासून दूर, यॉर्क शहरात जावं लागतं.

ट्यूक हे तिथलं क्वेकर या साध्या राहणीच्या ख्रिस्ती पंथाचं व्यापारी घराणं. व्यवसायाचा पाया घातला मेरी ट्यूक या बाईने. १७२५ मध्ये तिने किराणा दुकान थाटलं. शहरातल्या व्यापाऱ्यांच्या संघाने परवान्यासाठी तिला अनेक वर्षं छळलं, तरी ती मागे हटली नाही. पुढे दुकान तिचा पुतण्या विल्यम याच्याकडे आलं आणि चहा-कोकोच्या व्यापारात घराण्याने नाव कमावलं. कोकोचा धंदा १८६२ मध्ये हेन्री आयझॅक राउंट्रीने विकत घेतला. आपल्याकडे घरोघरी माहीत असलेलं किटकॅट पुढे याच राउंट्री कंपनीने बाजारात आणलं.

पण ट्यूक हे नाव इतिहासात राहिलं ते वेगळ्याच कारणाने. १७९० मध्ये हॅना मिल्स नावाची क्वेकर विधवा यॉर्कच्या वेड्यांच्या इस्पितळात दाखल झाली आणि काही आठवड्यांतच वारली. तिच्या पंथबंधूंना तिची भेटही घेऊ दिली गेली नव्हती. त्या काळी अशा जागी साखळदंड, मार आणि अंधाऱ्या कोठड्या हाच उपचार मानला जाई. विल्यम ट्यूक डॉक्टर नव्हता, वयाने साठीकडे झुकलेला होता. तरी त्याने पैसे जमवले आणि १७९६ मध्ये ‘रिट्रीट’ हे मनोरुग्णालय उघडलं. तिथे साखळ्या नव्हत्या. रुग्णांना बागेत काम मिळे, अंगावर नीट कपडे असत आणि त्यांच्याशी माणसासारखं बोललं जाई. विल्यमचा नातू सॅम्युएल याने १८१३ मध्ये या पद्धतीचं सविस्तर वर्णन छापलं, तेव्हा ती दूरदूरच्या देशांत पोहोचली.

सॅम्युएलचा धाकटा मुलगा डॅनियल हॅक ट्यूक हा चित्रकाराचा बाप. १८५८ मध्ये त्याने जॉन बकनिल यांच्यासोबत मनोविकारांवरचा ग्रंथ प्रसिद्ध केला; इंग्लंडमधल्या डॉक्टरांच्या हाती तो पुढे अनेक वर्षं होता. त्याच वर्षी, १२ जूनला, यॉर्कमध्ये हेन्रीचा जन्म झाला. त्याच सुमारास डॅनियलला क्षयाने गाठलं. तेव्हा क्षयावर औषध नव्हतं, हवापालट एवढाच काय तो उपाय. म्हणून १८५९ मध्ये सारं बिऱ्हाड दक्षिणेला, कॉर्नवॉलमधल्या उबदार फाल्मथला हललं. बापाच्या या आजारपणानेच पोराच्या वाट्याला समुद्र आला. गंमत नाही, एका माणसाच्या खोकल्यावर पुढचं सगळं ठरलं. डॅनियल सावरला आणि १८९५ पर्यंत जगला. क्षयाने शेवटी घात केला तो थोरल्या मुलाचा. वडिलांमागोमाग वैद्यकाकडे वळलेला विल्यम १८८३ मध्ये ऐन तारुण्यात गेला.

फाल्मथचं बंदर खोल आणि वाऱ्यापासून सुरक्षित. दूरदेशाहून धान्य, खत असा माल भरून निघालेल्या जहाजांना तो नेमका कुठे उतरवायचा हे निघताना ठाऊक नसे, कारण माल वाटेत असतानाच त्याचा सौदा होई. अशी जहाजं ‘हुकुमासाठी’ फाल्मथला थांबत. त्यामुळे किनाऱ्यावरच्या मुलाला अंगणातून शेजारची झाडं दिसावीत तशा डोलकाठ्या दिसत. हेन्री आणि त्याची धाकटी बहीण मारिया यांचं बालपण हे असं गेलं.

जुने क्वेकर स्वतःचं चित्र काढून घेणं म्हणजे अहंकार समजत; फार तर काळ्या कागदातून कापलेली छायाकृती चाले. अशा घरातल्या मुलाला १८७५ मध्ये लंडनच्या स्लेड कलाशाळेत जाऊ दिलं गेलं, ही मला साधी गोष्ट वाटत नाही. तिथून तो फ्लॉरेन्सला, मग पॅरिसला झाँ-पॉल लोराँ यांच्याकडे गेला. उघड्यावर, खऱ्या उजेडात रंगवण्याची ओढ त्याला या प्रवासातच लागली. परतल्यावर काही काळ तो कॉर्नवॉलमधल्याच न्यूलिन गावी जमलेल्या चित्रकारांत राहिला, पण १८८५ मध्ये फाल्मथलाच आला आणि गावाबाहेर समुद्राकाठी एका झोपडीवजा घरात राहू लागला. पुढच्याच वर्षी ‘जूली ऑफ नाँत’ हे दोन डोलकाठ्यांचं गलबत त्याने ४० पौंडांना घेतलं आणि त्याचा तरता स्टुडिओ केला. मॉडेल म्हणून त्याने गावातलेच खलाशी, कोळी आणि तरुण मुलं घेतली. पोहणाऱ्या तरुणांच्या ‘ऑगस्ट ब्लू’सारख्या चित्रांनी तो सर्वाधिक ओळखला जातो. पण नांगरलेल्या जहाजांची त्याची जलरंगचित्रं मला अधिक जवळची वाटतात. ओल्या कागदावर दोन-चार फटकाऱ्यांत शीड उभं राहतं, आणि तरी एकही दोरी चुकीच्या जागी नसते.

पैसा बराचसा व्यक्तिचित्रांतून येई; त्यासाठी तो लंडनला जाई. तो स्वतः क्रिकेट खेळायचा आणि इंग्लंडचा नामवंत क्रिकेटपटू डब्ल्यू. जी. ग्रेस याचं व्यक्तिचित्रही त्याने केलं. ज्यांच्या नावाने आपली रणजी स्पर्धा चालते, त्या नवानगरच्या रणजितसिंहजींचंही केलं. १९१४ मध्ये तो रॉयल अकॅडमीचा पूर्ण सदस्य झाला. त्याच वर्षी महायुद्ध पेटलं. त्याच्यासमोर बसलेल्या तरुणांपैकी काही जण त्या युद्धातून परतलेच नाहीत.

तोवर शिडांचे दिवसही सरले होते. १९२०च्या दशकात ‘कटी सार्क’ हे चहा वाहून नेणारं विख्यात जहाज डागडुजी होऊन फाल्मथच्या बंदरात उभं होतं, ते जपून ठेवायची वस्तू म्हणून. १३ मार्च १९२९ रोजी ट्यूक गेला. त्याने लग्न केलं नव्हतं. १८७९ पासून रंगवलेल्या चित्रांच्या नोंदवह्या त्याने ठेवल्या होत्या. चार वर्षांनी, १९३३ मध्ये, भावाचं चरित्र लिहून छापलं ते मारियाने.