स्टेडियम जनतेचं होतं, म्हणून दार उघडलं

२१ मार्च १९४६ रोजी केनी वॉशिंग्टन या कृष्णवर्णीय खेळाडूने लॉस एंजेलिस रॅम्स या संघाशी करार केला. खेळ अमेरिकन फुटबॉलचा, लांबट चेंडू छातीशी धरून अंगावर येणाऱ्यांमधून वाट काढत धावायचा. या खेळाच्या नॅशनल फुटबॉल लीगमध्ये, म्हणजे एनएफएलमध्ये, त्याआधीचे सलग बारा मोसम एकही कृष्णवर्णीय खेळाडू मैदानात उतरला नव्हता. बेसबॉलच्या मेजर लीगमध्ये वर्णभेदाची भिंत तोडणारा जॅकी रॉबिन्सन उतरला तो यानंतर वर्षभराने, एप्रिल १९४७ मध्ये. दोघे यूसीएलए विद्यापीठाच्या संघात एकत्र खेळलेले. रॉबिन्सनचं नाव जगभर पोहोचलं, वॉशिंग्टनचं मागेच राहिलं, याची खंत वाटते.

मुळात फुटबॉलमध्ये ही भिंत पहिल्यापासून नव्हती. चार्ल्स फॉलिसने १९०४ मध्येच ओहायोतल्या शेल्बीच्या संघाशी पैसे घेऊन खेळण्याचा करार केला होता. १९२१ मध्ये फ्रिट्झ पोलार्ड अॅक्रन संघात खेळत होता आणि त्याच संघाचा प्रशिक्षकही होता. १९३३ च्या मोसमात शिकागो कार्डिनल्सकडे जो लिलार्ड आणि पिट्सबर्गकडे रे केम्प होता. १९३४ पासून मात्र कुणीच नाही. नियम केला नाही, ठराव लिहिला नाही. शिकागो बेअर्सचा मालक जॉर्ज हॅलस तर पुढे अशी काही बंदी होती हेच नाकारत राहिला. या अलिखित बंदीमागे बोट दाखवलं जातं ते मुख्यतः जॉर्ज प्रेस्टन मार्शलकडे. त्याचा संघ आधी बोस्टनला होता, १९३७ पासून वॉशिंग्टन शहरात. पण एकट्या मार्शलवर सगळा दोष टाकणं मला पटत नाही. बाकीच्या मालकांना गप्प बसण्याची सक्ती कुणी केली होती?

त्या गप्प बसण्याची किंमत केनीने मोजली. १९३९ मध्ये चेंडू घेऊन धावत आणि पास देत मिळून सर्वाधिक यार्ड, म्हणजे संघाला पुढे नेणारं अंतर, कमावणारा तो देशातला पहिल्या क्रमांकाचा कॉलेज खेळाडू होता. एनएफएलच्या एकाही संघाने त्याला निवडलं नाही. मग तो पश्चिम किनाऱ्यावरच्या छोट्या लीगमध्ये हॉलिवूड बेअर्सकडून खेळत राहिला. ऐन उमेदीची वर्षं तिथे गेली, आणि गुडघेही तिथेच गेले.

जानेवारी १९४६ मध्ये रॅम्सने क्लीव्हलंड सोडून लॉस एंजेलिसला यायचं ठरवलं. नुकतंच विजेतेपद पटकावूनही क्लीव्हलंडमध्ये गल्ला भरत नव्हता. नव्या शहरात त्यांना हवं होतं कोलिझियम, १९३२ चं ऑलिम्पिक झालं ते भव्य स्टेडियम. ते सरकारी मालकीचं होतं. त्याचा कारभार पाहणाऱ्या आयोगाच्या बैठकीत कृष्णवर्णीय क्रीडापत्रकार पोहोचले. ‘लॉस एंजेलिस ट्रिब्यून’च्या हॅली हार्डिंगने उभं राहून पोलार्डपासूनचा इतिहास मांडला आणि मुद्द्यालाच हात घातला: आमच्याही कराच्या पैशावर उभं असलेलं स्टेडियम आम्हाला वगळणाऱ्या संघाला का द्यायचं? रॅम्सच्या माणसांकडे उत्तर नव्हतं. दोन महिन्यांत केनीशी करार झाला. मागोमाग केनीचा यूसीएलएतला सोबती वूडी स्ट्रोडलाही संघात घेतलं.

करार झाला तेव्हा केनी सत्तावीस वर्षांचा होता आणि गुडघ्यांवर शस्त्रक्रिया झालेल्या होत्या. तरी १९४७ मध्ये कार्डिनल्सविरुद्ध तो एका दमात ९२ यार्ड धावत गेला आणि टचडाउन केला, म्हणजे चेंडू थेट प्रतिस्पर्ध्याच्या शेवटच्या रेषेपलीकडे नेला. रॅम्सच्या इतिहासातली ती आजही सर्वांत लांब धाव आहे. त्या मोसमात त्याने दर धावेमागे सरासरी ७.४ यार्ड कमावले. १९४८ नंतर तो निवृत्त झाला. स्ट्रोडला एकाच मोसमानंतर काढून टाकलं, आणि त्या अनुभवाचा कडवटपणा त्याने पुढे कधी लपवला नाही. कॉलेज फुटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे थोर खेळाडूंच्या मानाच्या यादीत, केनी आहे, व्यावसायिक फुटबॉलच्या हॉलमध्ये नाही. तिथे तीन मोसमांचे आकडे मोजले जातात. हिरावून घेतलेल्या वर्षांचा हिशेबही धरायला हवा, असं मला ठामपणे वाटतं.

१९४६ मध्येच प्रतिस्पर्धी लीगमधल्या क्लीव्हलंड ब्राउन्सने मॅरियन मॉटली आणि बिल विलिस यांना घेतलं. त्यांचा प्रशिक्षक पॉल ब्राउनला सामने जिंकायचे होते, आणि हे दोघे जिंकून देणारे होते. तरी मायामीतल्या सामन्याला त्यांना नेता आलं नाही. तिथे गोऱ्यांसोबत त्यांना खेळू दिलं जात नव्हतं. पुढे दोघेही हॉल ऑफ फेममध्ये गेले.

मार्शल मात्र १९६१ पर्यंत अडून बसला. त्याच्या संघाचे सामने दक्षिणेकडच्या राज्यांत प्रसारित होत आणि तिथला गोरा प्रेक्षक त्याला जपायचा होता. पण त्याचं नवं स्टेडियम केंद्र सरकारच्या जमिनीवर उभं राहिलं. केनेडी सरकारमधले, सार्वजनिक जमिनी सांभाळणाऱ्या खात्याचे मंत्री स्टुअर्ट उडाल यांनी त्याला बजावलं: भेदभाव चालू ठेवलास तर स्टेडियम मिळणार नाही. पंधरा वर्षांपूर्वी हार्डिंगने वापरलेलंच हे हत्यार, या वेळी सरकारच्या हातात. मार्शल वाकला. १९६२ मध्ये कृष्णवर्णीय बॉबी मिचेल मार्शलच्याच संघाकडून खेळला आणि त्याच मोसमात त्याने ७२ पास झेलले, साऱ्या लीगमध्ये सर्वाधिक.