कॉर्न स्नेकची पेटी : घेण्याआधी वाचा, घेतल्यावर जपून ठेवा

आम्ही साप विकत नाही, सापांसाठी पेट्या बनवतो. चौकशीचा फोन आला की बहुतेकांचा पहिला प्रश्न लाइटचा किंवा मागे लावायच्या जंगलाच्या पोस्टरचा असतो. आमचा प्रश्न ठरलेला : साप केवढा आहे? कारण पेटीचं पहिलं काम म्हणजे साप आत राहिला पाहिजे. सजावटीचं नंतर बघता येतं.

कॉर्न स्नेक मूळचा अमेरिकेच्या आग्नेय भागातला. बिनविषारी, उंदरांवर जगणारा, अंधार पडला की फिरणारा आणि चढण्यात पटाईत. पिल्लू पेन्सिलीच्या जाडीचं असतं, पूर्ण वाढलेला साप ३ ते ५ फुटांचा. नीट सांभाळला तर १५-२० वर्षं जगतो. दहावीतल्या मुलाच्या हट्टापायी घेतलेला साप त्याच्या लग्नातही घरात असणार, हे पालकांनी आधीच धरून चालावं.

दार आणि फटी

डोकं जिथून जातं, तिथून अख्खा साप जातो. रात्रभर तो नाकाने कोपरे ढकलून बघत असतो. फिश टँकवर जाळी आणि जाळीवर दोन जाड पुस्तकं, हा प्रकार चालत नाही.

आमच्या पेटीला पुढून सरकत्या काचा आहेत. दोन काचा एकमेकींवर येतात तिथे उभी फट राहते. मोठ्या सापाला ती पुरत नाही, पिल्लाला पुरते. म्हणून पिल्लासाठी पेटी नेणाऱ्यांना आम्ही त्या फटीत बसणारी पारदर्शक सिलिकॉनची पट्टी देतो. साफसफाईला काढलीत तर आठवणीने परत लावा. काचेचं कुलूप घरात लहान मूल नसलं तरी रोज लावायचं. सापाच्या अंगाच्या दाबाने काच हळूहळू सरकते.

हवेसाठी मागे बारीक भोकांचा स्टीलचा पत्रा आहे. तो काढून डासांची जाळी लावू नका, नाक घासून घासून साप ते सोलवटून घेतो. आणि कुठे फट दिसली म्हणून आतून सेलोटेप तर मुळीच नको. साप तिला चिकटतो, सुटायला पीळ घालतो आणि खवले सोलून निघतात. असं झालंच तर ओढू नका. कापसाने खाण्याचं तेल कडेकडेने लावत टेप सोडवा. जमत नसेल तर प्राण्यांच्या डॉक्टरांकडे न्या.

ऊब, आणि आपला उन्हाळा

पेटीची एक बाजू ३० अंशांच्या आसपास हवी, दुसरी २४ च्या. साप जागा बदलून स्वतःचं तापमान सांभाळतो. म्हणून लपायच्या जागाही दोन लागतात, दोन्हीकडे एकेक. एकच असेल तर तो तिथे उकडत बसेल, पण उघड्यावर येणार नाही. हीट मॅट (विजेवर तापणारी पातळ चटई) थर्मोस्टॅटशिवाय, म्हणजे ठरलेल्या तापमानाला वीज तोडणाऱ्या यंत्राशिवाय, लावायची नाही. थर्मोस्टॅटचा प्रोब (तापमान मोजणारं वायरचं टोक) साप बसतो त्या जागी मॅटच्या वर पक्का बसवा, हवेत लोंबकळता नको. थर्मोस्टॅटवर आंधळा विश्वास नको, शेजारी एक साधा डिजिटल थर्मामीटर ठेवा. हॉट रॉक (विजेवर तापणारा नकली दगड) कुणी मागितला तरी आम्ही देत नाही. तो एका जागी इतका तापतो की सापाचं पोट भाजतं.

परदेशी व्हिडिओ बघून लोक आधी हीटरवर खर्च करतात. आपल्याकडे दुखणं बरेचदा उलटं असतं. पुण्या-नाशिकच्या थंडीत मॅट लागते, मुंबई-कोकणात क्वचित. विदर्भात एप्रिल-मेमध्ये मात्र सगळी हीटिंग बंद करून साप गार कसा ठेवायचा, हीच पंचाईत. खोलीचा पारा ३३-३४ च्या वर गेला की पेटी घरातल्या सगळ्यात गार खोलीत, जमिनीलगत आणा. कडेला दारापुरता तुकडा काढलेली मातीची कुंडी भिजवून, निथळून आत पालथी घाला. पाण्याचं भांडं साप वेटोळं करून बसेल एवढं मोठं आणि जड हवं. कूलर चालतो, झोत थेट पेटीवर नको. आणि पेटी उन्हात कधीच नको, सकाळच्या कोवळ्या उन्हातसुद्धा नाही. बंद काचेच्या आत बघता बघता भट्टी होते.

पावसाळ्यात तळाला पसरलेलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) काढून वर्तमानपत्र घाला, ओलं झालं की बदला. आर्द्रता ४० ते ६० टक्के पुरते. कायम ओल्यावर राहिलं की पोटाचे खवले सडतात. कात टाकायच्या आधी डोळे दुधाळ होतात, तेवढ्या दिवसांत एका डब्यात ओलं मॉस (शेवाळ) ठेवलं की झालं. वखारीतला भुसा नको. देवदार-पाइनच्या लाकडातलं तेल सापाला बाधतं.

पेस्ट कंट्रोल, डासांची कॉइल, लिक्विडचं मशीन यांतलं काहीही त्या खोलीत नको. मुंग्यांसाठी स्टँडच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवा. नव्या पेटीतला सिलिकॉनचा आंबट वास पूर्ण जाईपर्यंत साप आत सोडू नका. एका पेटीत एकच साप. हे एकमेकांना गिळतातही. पेटीत हात घातल्यावर साबणाने हात धुवा, पोट बिघडवणाऱ्या साल्मोनेला जंतूंचा धोका असतो.

सुटलाच तर

खोलीचं दार लावा, खालच्या फटीत टॉवेल कोंबा, मोरीची जाळी झाका. मग उबेच्या जागा बघा : फ्रिजच्या मागे, इन्व्हर्टरजवळ, वॉशिंग मशीनखाली. नाही सापडला तर रात्री उंबऱ्यावर आणि भिंतीलगत पिठाची पातळ रेघ ओढा. कुठून गेला ते सकाळी कळेल.

शेजाऱ्यांपासून लपवू नका. अंगावर गडद कडेचे मोठे ठिपके असलेला साप अंधाऱ्या जिन्यात दिसला की लोकांना घोणस वाटते आणि काठी उचलली जाते. याच्या उलट चूक त्याहून महागात पडते. घरात साप दिसला की ‘आपलाच असणार’ म्हणून हात घालू नका. ती खरोखर घोणस असू शकते. ओळख शंभर टक्के पटली नाही तर सर्पमित्राला बोलवा किंवा वन विभागाच्या १९२६ या हेल्पलाइनवर फोन करा. नकोसा झालेला साप टेकडीवर सोडणं हा उपाय नाही. ग्रँड केमन बेटावर हाच साप बाहेरून येऊन रुजून बसला आहे.

धामण, तस्कर, अजगर असे आपले साप घरात ठेवणं १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे. त्यांच्यासाठी आम्ही पेटी बनवत नाही, घासाघीस करू नये. बॉल पायथन या आफ्रिकी अजगरासारख्या, साइट्स (CITES, वन्यजीवांच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) यादीतल्या प्राण्यांची केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी लागते. कॉर्न स्नेक त्या यादीत नाही, तरी खरेदीची पावती सांभाळा; ऑर्डर घेताना आम्ही ती बघतो.

मोठ्या सापासाठी ४ × २ × २ फुटांची पेटी घ्या. ऑर्डर देताना सापाची लांबी, ठेवायच्या जागेचा फोटो, तिथून प्लग पॉइंट किती लांब आहे ते आणि लिफ्टच्या दाराची रुंदी कळवा. चार फुटी पेटी जिन्याच्या वळणावर अडकते की नाही, हे काचा बसवण्याआधी कळलेलं बरं.