सायकलचे हेल्मेट: वजनाच्या वादाची पार्श्वभूमी

गोव्यात चोर्ला घाट उतरताना सायकल सहज ताशी ५० किमी गाठते. पणजीजवळच्या रायबंदरच्या सपाट बांधावर बहुतेकांचा वेग त्याच्या निम्माही नसतो. डोक्यावर मात्र दोन्हीकडे तेच पाव किलोचे हेल्मेट. मग सरळ मोटरसायकलचे जड हेल्मेट का घालू नये? वाद आहे तो हाच.

शर्यतीतल्या सायकलस्वारांच्या कातडी पट्ट्यांच्या टोप्या आपटीत जवळपास निरुपयोगी होत्या. १९७५ मध्ये अमेरिकेत टणक कवच आणि आत थर्माकोल असलेले, खास सायकलसाठीचे हेल्मेट आले. जड आणि गरम. ऐंशीच्या दशकात कवच काढून नुसत्या थर्माकोलवर कापड चढवायची टूम निघाली. वजन घटले, पण उघडा थर्माकोल डांबरावर घसरत नाही, अडकतो. मानेला हिसका बसतो, आणि हेल्मेटचे तुकडेही होतात. म्हणून १९९० च्या सुमारास मिलिमीटरभराचे पातळ प्लास्टिक परत आले. आजचे हेल्मेट त्याच घडणीचे.

खरे भांडण आहे ते चाचणीच्या उंचीवरून. १९९७ च्या युरोपीय मानकाने (ईएन १०७८) हेल्मेट सपाट ऐरणीवर सेकंदाला ५.४२ मीटर वेगाने आपटायचे ठरवले. म्हणजे दीड मीटरवरून सोडल्यासारखे, ताशी साडेएकोणीस किमी. आतल्या नकली डोक्याला २५० जीपेक्षा (जी म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या किती पट) जास्त धक्का बसता कामा नये. अमेरिकेत १९९९ पासून सक्तीची झालेली चाचणी दोन मीटरची, मर्यादा ३०० जी. ‘सायकल तीसने चालते, चाचणी वीसची कशी?’ ही टीका तेव्हापासूनची, आणि ती अर्धीच बरोबर आहे. नुसते घसरून पडल्यावर डोके जमिनीवर किती जोरात आदळेल हे मुख्यतः डोक्याच्या उंचीवर ठरते. पुढचा वेग घसरण्यात आणि डोके फिरण्यात जातो. मात्र समोर बस, खांब किंवा दुभाजक असला की हा हिशेब कोसळतो. दीड मीटर ठरवताना पहिला प्रसंग धरला गेला, दुसरा सोडून दिला गेला. हलक्या, हवेशीर हेल्मेटांना त्याने वाट मिळाली, हेही खरेच.

उंची वाढवायची तर थर्माकोल जाड करावा लागतो किंवा घट्ट. नुसता घट्ट केला तर साध्या पडण्यात तो दबत नाही आणि धक्का डोक्यापर्यंत पोचतो. संरक्षण जाडीत आहे, वजन हा तिचा खर्च. मोटरसायकलचे हेल्मेट जास्त ऊर्जा खाते, यात शंका नाही. पण भारतात २०१८ मध्ये त्याच्या वजनाची मर्यादा दीड किलोवरून १.२ किलोवर आणली (पुढे ती उठवली गेली), तीही उष्णतेचा विचार करून. सायकलवर पाय मारताना गोव्याच्या दमट हवेत ते तासभरही सोसवत नाही. वाकून बसलेल्याची मान मागे वळलेली, त्यात हा भार. कानही झाकले जातात, वळणावर मागची बस ऐकू येत नाही.

मधला मार्ग २०१६ मध्ये नेदरलँड्समध्ये निघाला. ताशी ४५ किमीपर्यंतच्या विजेच्या सायकलींसाठीच्या एनटीए ८७७६ या मानकात आपटीचा वेग सेकंदाला ६.५ मीटर केला, कानशिले आणि मागची बाजू जास्त झाकली. अशी हेल्मेटे साधारण अर्ध्या किलोची असतात. आपल्याकडे २५० वॅटच्या आत आणि ताशी २५ किमीच्या आतली विजेची सायकल मोटार वाहन ठरत नाही, म्हणून हेल्मेटसक्ती तिला लागत नाही. वेगाचे कुलूप काढले की ती सवलत गेली. घाटात आणि अशा सायकलींवर अर्धा किलो सार्थकी लागतो. पहाटे वाड्यावाड्यांतून पाव विकणाऱ्या पोदेराला तो घाला म्हणणे कठीण.

आपटताना डोके गरकन फिरण्याचा प्रश्न १९९७ च्या मानकात नव्हताच. २०१८ पासून एक अमेरिकी विद्यापीठ तिरक्या आपटीने हेच तपासून हेल्मेटांना गुणांचे तारे देते. त्यात हलकी, तुलनेने स्वस्त हेल्मेटेही वर आली.

ज्या हेल्मेटला एक जोरदार आपटी बसली ते बाहेरून धड दिसले तरी बदलावे. दबलेला थर्माकोल फुगून परत पूर्वीसारखा होत नाही. पुढची कड भुवईच्या वर दोन बोटे, पट्ट्या कानाखाली व्ही आकारात. पट्टा बांधून हेल्मेट मागून पुढे ढकलावे. कपाळावरून निसटले तर मागची चकती आवळावी. आणि उन्हात बंद गाडीच्या डॅशबोर्डवर ते ठेवू नये: मानकातली गरम चाचणी ५० अंशांची असते, तिथले तापमान त्याहून खूप वर जाते आणि चिकटवलेले कवच सुटू लागते.